वारलेल्या गुरुजींचा मुक्काम

ऊ सान था गुरुजी ज्या मंगळवारी वारले, त्या मंगळवारी दुपारी मी त्यांच्याशी सोंगट्या खेळत होतो आणि सलग तीन डाव हरलो होतो. चौथा मांडता मांडता ते म्हणाले, "सर, मी कशानं मेलो ते आधी ठरवा. हृदयविकार नको. आमच्या घराण्यात ते दुखणं नाही."

"मलेरिया लिहू?"

"मलेरियानं पोरं मरतात. हेडमास्तर नाही."

शेवटी वृद्धापकाळावर तडजोड झाली. गुरुजी सदुसष्ट वर्षांचे होते, काठीशिवाय चालत होते आणि त्यांचे सगळे दात जागेवर होते. शब्द त्यांना झोंबला. पण सरकारी रकाना अरुंद होता, त्यात याहून मोठं मरण मावत नव्हतं. मी लिहिलं, खाली सही केली, आणि तेवढ्यात त्यांनी माझी सोंगटी मारली.

सही करायचा अधिकार मला होता, कारण मी आमच्या गल्लीतल्या दहा घरांचा मुखिया आहे. पूर्वी मी यांगूनमधल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत असे. सैन्यानं सत्ता घेतली तेव्हा संपावर गेलो, नोकरी गेली. पुढं विषयाचंही फारसं काही उरलं नाही. आमच्या आधीच्या मुखियाला सैन्याचा माणूस म्हणून भर दुपारी मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळ्या घातल्या. जागा तीन महिने रिकामी राहिली. मग वॉर्डप्रमुख ऊ न्यो विन माझ्या घरी आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही संपवाले. तुम्हाला मारायला कोण येणार?" या एका गुणावर माझी नेमणूक झाली. काम सोपं आहे. दहा घरांत रात्री कोण कोण झोपतं त्याची यादी ठेवायची, पाहुणा आला की अंधार पडायच्या आत कळवायचं, आणि महिन्याच्या शेवटी सगळं बरोबर असल्याची सही करायची.

चौथ्या घरात ला फ्रू राहते. राखाईन, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांतली बाई, वय त्रेचाळीस, शिवणकाम करते. नवरा मलेशियाला गेला आणि तिकडंच नवा संसार मांडून बसला. मुलगी यमोन सतरा वर्षांची. यादीत तिसरं नाव वडिलांचं होतं. बायको गेल्यावर गुरुजी लेकीकडं राहायला आले होते. मागच्या हिवाळ्यात ते राखाईन मुलखात, चाउक्तोला, स्वतःच्या घराचं छप्पर बघायला म्हणून गेले, आणि त्याच आठवड्यात तिकडं लढाई पेटली. छप्पर राहिलं नाही, रस्ते राहिले नाहीत, फोन राहिले नाहीत. गुरुजींचा धाकटा मुलगा मात्र सैन्याविरुद्ध लढणाऱ्या राखाईन फौजेत होता आणि तिथं त्याची बढती झाली. गणवेशातला त्याचा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरला. बढतीचे पेढे सोडून बाकी सगळं घरी पोचलं.

मे महिन्यात गुरुजी सुक्या मासळीच्या ट्रकमधून परत आले. मला कुणी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून कुणीतरी यमोनला गणितावरून झापत होतं आणि त्या झापण्यात 'र' होता. यांगूनमध्ये 'र' कुणी म्हणत नाही, आम्ही सगळे त्याचा 'य' करतो. राखाईन माणूस मात्र तो असा ठणकावून म्हणतो, की जणू त्यांच्या राजांकडून आम्ही एवढीच एक वस्तू लुटायची विसरलो. मी संध्याकाळी गेलो, म्हणालो, "गुरुजींना सांग, हळू झापा." ला फ्रूनं चहा ठेवला.

जूनमध्ये ऊ न्यो विननं मला कचेरीत बोलावलं. याचं पूर्वी सायकलींचं दुकान होतं. माणूस हसरा, गालात कायम पानाचा तोबरा.

"सर, वरून कागद आलाय. ऊ सान था, राखाईन, राहणार तुमचं चौथं घर. हजर करा म्हणतात."

"ते तिकडं अडकलेत. रस्ते बंद, फोन बंद."

"ठाऊक आहे. आपणच केलेत ना बंद." त्यानं डब्यात पिंक टाकली. "पण नाव यादीत आहे. यादीत आहे म्हणजे माणूस घरात आहे. घरात नसेल तर यादी खोटी. यादीवर सही कुणाची?"

"माझी."

"बघा म्हणजे."

"मुलगा सापडत नाही म्हणून बापाला पकडायचं?"

"मुलगा सापडला असता तर बापाला कशाला त्रास दिला असता? आपण काय रानटी आहोत?" त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "हे बघा, यादीतून नाव काढायला दोनच वाटा. बदली नाहीतर मरण. बदलीला तिकडच्या कचेरीचा शिक्का लागतो, आणि तिकडच्या कचेरीत सध्या त्याचा मुलगाच खुर्ची टाकून बसलेला असायचा. त्यापेक्षा मरण सुटसुटीत. लेकीचा अर्ज, तुमची सही, माझी सही. तिकडून बातमी आली म्हणायचं."

"कशी आली? फोन तर बंद आहेत."

"मग नाही आली हे तरी कोण सांगणार? आणि सातव्या दिवसाचं जेवण घालायला सांगा तिला. भिक्खू बोलवा, वॉर्ड जेवू दे. पन्नास माणसं ज्याच्या नावानं जेवली तो मेलेलाच असतो. कोर्टातसुद्धा टिकेल."

तो मला वाट दाखवत होता की खड्डा, हे मला त्या दिवशी कळलं नाही. त्यालाही कळलं होतं की नाही कोण जाणे. आमच्याकडं दोन्ही एकाच फावड्यानं खणतात.

ला फ्रू आधी रडली. "जिवंत बापाच्या नावानं भिक्खूंना जेवू घालू? पुण्य देऊन त्यांना घरातून निरोप देऊ? सर, हे पाप कुठल्या जन्मी फिटेल?"

गुरुजी आतल्या खोलीतून म्हणाले, "पुण्य वाया जात नाही गं. आगाऊ घेऊन ठेवतो."

ही आतली खोली म्हणजे तळमजल्यावरची, कापडाच्या गठ्ठ्यांमागची. घर दुमजली, लाकडी. वरचा मजला हवेशीर, पुढं गॅलरी. पण वरच्या खिडक्या नेमक्या वॉर्डकचेरीसमोर आणि फळ्या इतक्या कुरकुरतात की मांजर चाललं तरी नाव विचारावं. म्हणून गुरुजी खाली. आणि गुरुजी खाली म्हणून मायलेकीही खाली. बापाच्या डोक्यावरच्या मजल्यावर लेक चालणार, झोपणार, हे त्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. दोघी स्वयंपाकघरात चटई टाकून झोपत. शिलाईचं मशीनही खाली आणलं. वरचा मजला कोरडा, मोकळा आणि बंद.

सातव्या दिवशी पाच भिक्खू आले आणि सुमारे साठ माणसं. ला फ्रूनं त्यांच्याकडचं झणझणीत मासळीचं नूडल्स केलं होतं, बर्मी पाहुण्यांसाठी कोंबडी, चहाच्या पानांची कोशिंबीर, सूर्यफुलाच्या बिया. दारात गुरुजींचं नाव आणि फोटो छापलेले पंखे वाटले. ऊ न्यो विन पहिल्या पंगतीला बसला, मिरचीनं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि लांबून बघणाऱ्याला दुःख वाटावं अशी एकूण परिस्थिती होती.

"राखाईन असून माणूस चांगला होता," सातव्या घरातल्या ओन म्यिं बाई म्हणाल्या.

"हो ना. त्या मासळीचा वास सोडला तर काही त्रास नव्हता," त्यांच्या बहिणीनं दुजोरा दिला आणि वाटी पुढं केली. "अजून थोडं घाल गं."

"पोरगा मात्र तसा निघाला."

"त्यांचे पोरगे तसेच निघतात. आपण त्यांना काय कमी केलं?"

कापडाच्या गठ्ठ्यांमागं ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते बसले होते. यमोन तोंडावर ओढणी घेऊन थरथरत होती. बायकांनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. पोरगी हसत होती.

मग मठाधिपतींनी पाण्याची झारी हातात घ्यायला सांगितली. ला फ्रूनं थेंब थेंब पाणी सोडलं, पुण्य मृताच्या नावे झालं, आणि सगळ्यांनी तीनदा साधु साधु साधु म्हटलं. मी शपथेवर सांगतो, एक साधु भिंतीच्या आडून आला. घोगरा, शाळेच्या प्रार्थनेत येतो तसा. मठाधिपतींची मान किंचित वळली. मग त्यांनी डोळे मिटले आणि पुढचं सूत्र नेहमीपेक्षा मोठ्यानं सुरू केलं. त्या दिवसापासून मी त्यांना मनापासून नमस्कार करतो.

दुसऱ्या दिवशी लाल शाईनं नाव खोडलं गेलं. गुरुजी आपल्याच पंख्यानं वारा घेत बसले होते. "फोटो वीस वर्षांपूर्वीचा छापलात," ते म्हणाले. "लिहिता वृद्धापकाळ आणि दाखवता असा. लोकांना वाटेल, लेकीनं मारला."

पंधरा दिवस बरे गेले. कागदाला उत्तर गेलं, वरून पुन्हा काही आलं नाही. मला रात्री झोप येऊ लागली. मग जुलैच्या मध्याला, पाऊस नुसता कोसळत असताना, यमोन माझ्याकडं इंग्रजी शिकायला आली आणि लांबच बसली.

"जवळ ये की."

"नको सर. माझ्या थमेनला वास येतोय. चार दिवस झाले वाळतच नाही. क्लासमधल्या मुली नाक धरतात."

थमेन म्हणजे बायकांची लुंगी. मी सहज म्हणालो, "वर गॅलरीत टाकायची. तिथं पत्रा आहे, वारा आहे."

"कसं टाकणार? आजोबा खाली आहेत ना."

'पाऊस पडतोय ना' म्हणावं इतक्या सरळपणे ती म्हणाली. मी तसाच उठलो आणि त्यांच्या घराच्या मागच्या बोळात गेलो. न्हाणीशेजारी, कंबरेएवढ्या उंचीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी. तिच्यावर तीन थमेनी, ओल्या, खालच्या काठाला गटाराचे शिंतोडे. जानेवारीपासून मेपर्यंत याच थमेनी वरच्या गॅलरीत फडफडत होत्या. सगळ्या गल्लीनं, समोरच्या कचेरीनं त्या पाहिल्या होत्या. मे महिन्यात त्या खाली उतरल्या, आणि गुरुजी कागदावर मेल्यावरही वर चढल्या नाहीत.

मी आत गेलो. "गुरुजी, उद्यापासून थमेनी वर, पुढच्या गॅलरीत."

"कुणाच्या?"

"तुमच्या लेकीच्या आणि नातीच्या. या घरात पुरुष नाही असं आपण सरकारला लिहून दिलंय. दोन बायकांच्या घरात थमेनी मागच्या बोळात, माणसाच्या डोक्याखाली का वाळत असतात, असं कुणी विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, संस्कार आहेत."

"संस्कार कुणासाठी? घरात कोण आहे?"

गुरुजी सोंगट्या लावत राहिले. मग म्हणाले, "सर, मी मेलो. म्हातारपणानं मेलो, तेही ऐकून घेतलं. स्वतःचं जेवण भिंतीआडून ऐकलं. त्या ओन म्यिं बाईला दुसऱ्यांदा वाढलेलं ऐकलं. आता बायकांच्या थमेनी डोक्यावर घेऊन झोपू? पुरुषाचं तेज असतं काहीतरी, थमेनीखालून गेलं की ते उतरतं. मग माझ्यात राहील काय?"

"जीव राहील."

"तो तुमच्या यादीत कुठं आहे?"

"चाळीस वर्षं विज्ञान शिकवलंत तुम्ही."

"शाळेत शिकवलं. घरी नाही."

मी त्यांना आठवण करून दिली. सैन्यानं सत्ता घेतली त्या वर्षी पोरींनी रस्त्यांवर आडव्या दोऱ्या बांधून थमेनी टांगल्या होत्या, आणि बंदुका घेतलेले सैनिक खाली उभे राहून वर बघत होते, पुढं यायला धजत नव्हते. "त्यांचं तेज जाईल म्हणून ते घाबरले, तेव्हा तुम्ही किती हसलात. टाळ्या वाजवल्यात."

"वाजवल्या. सैनिक अडकले म्हणून वाजवल्या." त्यांनी सोंगटी पुढं सरकवली. "पण घरी येताना मीही त्या रस्त्यानं आलो नाही. वळसा घालून आलो."

या देशात बर्मी आणि राखाईन यांचं शेकडो वर्षं कशावरही एकमत झालेलं नाही. झालं ते हे एक.

ला फ्रू दारापर्यंत माझ्यामागं आली. "मी टाकते वर, सर. त्यांना सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर थमेनी खालीच होत्या. "पिळून जिन्यापाशी गेले होते," ती म्हणाली. "ते बरोबर खालच्या खोलीत झोपले होते. पाय उचलला नाही."

"यमोनला सांग."

"ती माझीच मुलगी आहे."

मग मी स्वतः त्या बोळात गेलो. तीन कापडं उचलायची, जिना चढायचा, गॅलरीत टाकायची, एवढंच काम होतं. माझा हात त्या ओल्या कापडापर्यंत गेला. मी सत्तेचे सिद्धांत वीस वर्षं शिकवले, संप केला, माझ्या बायकोला मी कधी शकुन-अपशकुन पाळू दिला नाही. हात परत आला. मी तो लुंगीला पुसलासुद्धा, लागलेला नसताना. म्हटलं, उद्या पुन्हा गुरुजींशी बोलू.

उद्या ऊ न्यो विन नवी यादी द्यायला आला. मलाही बरोबर घेतलं. दोन नावांची कोरी करकरीत यादी, वर शिक्का. ला फ्रूनं त्याला चहा दिला. त्यानं शिवणकामाची चौकशी केली, यमोनच्या परीक्षेची केली, वरचा मजला बंद का म्हणून विचारलं.

"गळतं वर," ला फ्रू म्हणाली.

"हो का? पत्रा तर नवीन दिसतो." मग त्याला पानाची पिंक टाकायची होती, तो मागच्या दारानं बोळात गेला. बराच वेळ आला नाही. पावसाचा आवाज येत होता. आला तेव्हा गाल रिकामा होता आणि चेहरा नेहमीसारखा हसरा.

"वळण चांगलं लावलंय हो मुलीला," तो म्हणाला. "आमच्या पोरी बघा, कुठंही टाकतात."

ला फ्रूचा चेहरा क्षणभर उजळला. कुठल्याही आईचा उजळला असता. त्या घराला सरकारकडून मिळालेली ती एकमेव शाबासकी.

मी रस्त्यात त्याला म्हणालो, "साहेब, बायका आहेत, जुन्या वळणाच्या."

"मी काय म्हटलं? चांगलंच म्हटलं."

"म्हणजे तुम्ही..."

"सर," तो थांबला, छत्री माझ्या डोक्यावर धरली. "मी नाही सांगितलं तर चार दिवसांनी दुसरं कुणी सांगेल. ओन म्यिं बाई सांगतील. तुम्ही सांगाल. मग मी का न सांगता मरू?"

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. फिरलो असतो तर गुरुजींना न्यायचं कुठं, हा प्रश्न मी रस्त्यात उभा राहून स्वतःला विचारला. उत्तर मिळेना तशी मी त्याच्या छत्रीतून घरी आलो.

सकाळी सहाला माझं दार वाजलं. झडती घेताना मुखिया साक्षीला हजर हवा असा नियम आहे, आणि आमच्याकडं नियम पाळतात. सात सैनिक आणि एक हवालदार. दोघे पुढच्या दाराशी उभे राहिले, बाकीचे बोळातून मागं गेले, कारण कापडाच्या गठ्ठ्यांमागच्या खोलीला खिडकी बोळात होती आणि हे त्यांना माहीत होतं. ला फ्रू त्यांच्या आधी धावत तिथं पोचली.

हवालदार दोरीपाशी आला आणि थांबला. बोळ इतका अरुंद की बाजूनं जाता येईना. दोरी कंबरेएवढी, ओलांडता येईना. जायचं तर वाकून, थमेनीच्या खालून. त्यानं बंदुकीची नळी पुढं केली, मग मागं घेतली. मागच्या पाच जणांनी एकमेकांकडं बघितलं.

"बाई, हे काढा," तो म्हणाला. आवाज अगदी शाळेतल्या पोरासारखा.

ला फ्रू दोरीच्या पलीकडं उभी. तिनं काही केलं नाही. हात बांधून उभी राहिली, आणि मला दिसलं की तिला समजलंय. तीन ओली कापडं आणि सहा बंदुका. ती हलली नसती तर ते दुपारपर्यंत तसेच उभे राहिले असते, असं मला आजही वाटतं. पुढच्या दारानं आत शिरायचा हुकूम द्यायला हवालदाराला वेळ लागला असता. तोवर पलीकडच्या न्हाणीची भिंत ओलांडून माणूस मागच्या गल्लीत गेला असता. सदुसष्टाव्या वर्षी, काठीशिवाय.

"बाई, काढा म्हणतो ना."

तेवढ्यात खिडकीच्या आतून आवाज आला. सगळे 'र' जिथल्या तिथं. "ला फ्रू, आवर ते. पुरुष माणसं खोळंबलीयत. बरं दिसतं का?"

ती वळली नाही. एकेक करून तिनं तिन्ही काढल्या, छातीशी धरल्या आणि भिंतीला लागून उभी राहिली, म्हणजे जाणाऱ्याला स्पर्श होऊ नये. सैनिक आत गेले. गुरुजींनी चपला घालायला वेळ मागितला, तो दिला. त्याच बोळातून त्यांना बाहेर आणलं. हवालदारानं ला फ्रूला म्हटलं, "आभारी आहे, ताई."

तिसऱ्या दिवसापासून ती ठाण्यांचे उंबरे झिजवू लागली. पकडलेल्या माणसाचा खटला झाला की त्याला कैदी-नंबर मिळतो. नंबर मिळाला की महिन्यातून एकदा डबा आत जातो. डबा परत रिकामा आला की माणूस आहे. तिला फक्त नंबर हवा होता. ठाण्यात त्यांनी नाव विचारलं, रजिस्टर उघडलं आणि तिचाच अर्ज तिच्यासमोर ठेवला. ऊ सान था, मृत. कारण वृद्धापकाळ. खाली माझी सही, तिच्याखाली ऊ न्यो विनची.

"मेलेल्या माणसाला आम्ही कसं पकडणार, बाई?" ते म्हणाले. आणि मेलेल्या माणसाला घरात लपवल्याचा गुन्हा तरी कसा लावणार? म्हणून तिच्यावर काही केस नव्हती. ती मोकळी होती. सगळेच मोकळे होते.

ती माझ्याकडं आली ती लिहिलेला कागद घेऊनच. मी खोटं सांगितलं होतं, माझे वडील जिवंत होते, अमुक तारखेला सकाळी सहा वाजता माझ्या घरातून नेले. खाली तिची सही. शेजारी जागा सोडलेली.

"तुम्ही तिथं होता, सर. साक्षीदार म्हणूनच उभे होता. एवढं लिहा, की नेलं ते माझ्या डोळ्यांदेखत."

"ला फ्रू, यानं तुला आत टाकतील. सात वर्षं."

"टाकू देत. त्यांना नंबर मिळेल."

"यमोनचं काय? एकटी पोर."

"यमोनला मावशी आहे. तिचं नाव नका काढू सर. तुमच्या सहीचं बोला."

मी कागद दोनदा वाचला. शुद्धलेखन उत्तम होतं, बापाची लेक. मी म्हणालो, "विचार करू दे."

"किती?"

"उद्यापर्यंत."

तिनं मान डोलावली, कागद घडी करून उचलला आणि गेली. माझ्या सहीशिवायच तिनं तो ठाण्यात दिला.

पाचव्या दिवशी ऊ न्यो विन आला, बरोबर छापील फॉर्म. मुखियाचा अभिप्राय. "सर, ही बाई दुःखानं भ्रमिष्ट झालीय असं लिहिलंत तर तिच्यावर काही नाही, तुमच्यावर नाही, माझ्यावर नाही. सगळ्यांचं भलं. नाहीतर मग आपण तिघं, आणि बहुतेक तो मठाधिपतीसुद्धा. त्यानं सूत्रं म्हटली होती ना."

मठाधिपतींचं नाव त्यानं घेतलं याचं मला बरं वाटलं, हे कबूल करतो. माणसाला स्वतःखेरीज कुणाचं तरी कारण लागतं. मी लिहिलं: ऊ सान था यांचा मृत्यू वृद्धापकाळानं झाल्याचं मला व्यक्तिशः माहीत आहे, अर्जदार बाई पितृशोकानं भ्रमिष्ट झाल्या आहेत. पहिलं वाक्य मी याआधीही एकदा लिहिलं होतं, समोर बसलेल्या माणसाशी हुज्जत घालत. त्या वेळी ते खोटं होतं हे मला नक्की माहीत होतं.

ऊ न्यो विननं शाईवर फुंकर मारली. "अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं."

महिनाअखेरीला यादीवर सही घ्यायला घरटी एकेक माणूस येतं. चौथ्या घरातून ला फ्रू स्वतः आली. वाळली होती, पण कपडे स्वच्छ, गालांना चंदनासारखा थनाका लावलेला. दोन नावं. मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही. चहा घेणार का विचारलं. मी आणखीही काही बोलणार होतो, गुरुजींबद्दल, नंबरबद्दल, कुणाला भेटता येईल का याबद्दल.

"इथं, मुखिया," ती म्हणाली आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. नऊ वर्षं ती मला सर म्हणत होती.

मी सही केली.